इश्वरची डावी बाजू

त्या माणसाच्या डाव्या भुवईत फट होती. भुवई मधोमध तुटलेली, आणि तुटल्या जागी केस नसलेली एक पांढुरकी, तिरपी रेघ. वरठीच्या त्या निराधारांच्या आश्रमात, अंगणातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या बसल्या धर्मेंद्रची नजर त्या रेघेवर गेली आणि त्याच्या उजव्या हाताचं पहिलं बोट मांडीवरच दोनदा दाबलं गेलं. समोर कॉम्प्युटर नव्हता, हाताखाली माऊस नव्हता. समोर एक जिवंत माणूस होता. त्याची दाढी नुकतीच कुणीतरी भादरली होती आणि अंगात दुसऱ्याच कुणाचा तरी ढगळ शर्ट होता. पण बोटाला हे कोणी सांगावं? साकोलीत फोटोचा स्टुडिओ टाकल्याला बावीस वर्षं झाली होती आणि बावीस वर्षं त्या बोटाला एवढंच ठाऊक होतं, की खूण दिसली की पुसायची. धर्मेंद्रला एकदम लाज वाटली. त्याने हात खिशात कोंबला आणि कुणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे बघितलं. कुणी पाहिलं नव्हतं. निर्मलाबाई त्या माणसाच्याच बाकड्यावर दुसऱ्या टोकाला बसली होती. तिच्या मांडीवर लॅमिनेट केलेला फोटो होता. ती एकदा फोटोकडे बघे, एकदा त्या माणसाकडे, आणि मग बराच वेळ जमिनीकडे.

"घाई नाई, बाई. बराबर पाहा," आश्रमाचं काम बघणारा अंकुश म्हणाला. "दोन महिने झाले आमाले भेटून. स्टेशनवर बसून राहे. नाव सांगत नाई, गाव सांगत नाई. डाक्टर म्हनते डोक्याले मार लागला असन कधीतरी. जेवते बराबर, कामालेबी हात लावते. पन पयलेचं काईच आठवत नाई त्याले."

"तुमाले कसं वाटते?" निर्मलाबाईने विचारलं. विचारलं ते अंकुशला नव्हे, धर्मेंद्रला. आणि धर्मेंद्र गांगरला. हरवलेला नवरा तिचा. आपण इश्वरला उभ्या जन्मात पाहिलेलं नाही. आपण पाहिलाय तो फक्त इश्वरचा चेहरा, तोही आपणच केलेला. त्याने मोबाईल काढून त्या माणसाचे तीनचार फोटो घेतले. तेवढंच त्याला करता येत होतं. त्या माणसाने फोटो काढू दिले. लेन्सकडे त्याने सरळ पाहिलं, चुकवलं नाही, हसलाही नाही. नाक तसंच होतं की काय? जिवणी? हनुवटी बहुतेक तशीच. पण ही भुवई?

"उद्या सांगीन," निर्मलाबाई अंकुशला म्हणाली आणि उठली.

परतीची बस भंडाऱ्याहून निघाली तेव्हा उन्हं नुकती कलती झाली होती. निर्मलाबाईला खिडकी मिळाली. धर्मेंद्र मधे एक पिशवी ठेवून तिच्याशेजारी बसला. बाहेर धान कापून झालेल्या बांध्या होत्या, त्यांत कापलेल्या धानाचे पुंजणे रचलेले, कुठे मळणीचं मशीन लागलेलं, भुसा उडत होता. धर्मेंद्र हे सगळं पाहत होता आणि पाहत नव्हता. त्याच्या डोक्यात ती भुवई अडकली होती. खरं म्हणजे या भानगडीत तो पडला होता तो एका पट्टीमुळे. अकरा वर्षांपूर्वी दिघोरीची ही बाई आपल्या दिराबरोबर, भोजराजबरोबर, स्टुडिओत आली होती. नवरा ठेकेदारासोबत रस्त्याच्या कामाला तेलंगणात गेलेला, चार महिने झाले, फोन नाही, पत्ता नाही. ठेकेदार म्हणतो तो होळीलाच गावाकडे निघाला. 'हरवला आहे' असा कागद छापून पाहिजे होता. धर्मेंद्रने तो केला, आणि प्रत्येक लग्नपत्रिकेखाली, प्रत्येक वाढदिवसाच्या फ्लेक्सखाली टाकायची तशी खाली लाल पट्टीत स्टुडिओचं नाव आणि आपला नंबर टाकून दिला. सवय, दुसरं काय. भोजराजचाही नंबर होता, पण तो पुढे बदलला, धर्मेंद्रचा राहिला. कागद भिंतींवरून उन्हापावसात गेले, मोबाईलमध्ये मात्र फिरत राहिले. गोंदियाहून फोन आला, राजनांदगावहून आला, एकदा तर वर्ध्याहून. दरवेळी कुणीतरी इश्वर पाहिलेला असायचा. भोजराज जाऊन यायचा आणि सांगायचा, नाही, तो नाही. मग भोजराज जायचा थांबला. परवा आश्रमातून अंकुशचा फोन आला तेव्हा धर्मेंद्रने दिघोरीला निरोप दिला, आणि आज सकाळी साकोलीच्या बसस्टँडवर निर्मलाबाई एकटीच उतरली. भोजराजकडे मशीन लागलं होतं म्हणे.

"काय म्हनत होते भोजराजभाऊ?" त्याने विचारलं.

"म्हने, फोटूसारखा असन त आन. नाई त उगाच कोनालेबी घरात घेऊन येऊ नोको." ती खिडकीबाहेरच बघत होती. "येत्या होळीले बारा वर्सं होतेत. मंग थांबत नाई म्हनते तो. पळसाच्या पानाचा मानूस करतीन आन् मेला म्हून देतीन आगीले. माह्या कपाळाचं पुसतीन. बैठक झाली घरात. मले सोडून सर्वे होते बैठकीत."

पळसाच्या पानांचा असा माणूस धर्मेंद्रने लहानपणी एकदा पाहिला होता. पानं बांधून बांधून केलेले हात, पाय, आणि डोकं म्हणून एक नारळ. नारळाला चेहरा नसतो, हे तेव्हा त्याच्या मनात आलं होतं आणि भीती वाटली होती. म्हणजे आता प्रश्न सरळ होता. तो आश्रमातला माणूस इश्वर असला तर ही बाई नवऱ्याची बायको राहील, नसला तर होळीनंतर विधवा होईल. आणि तो असल्या-नसल्याचा पुरावा काय, तर धर्मेंद्रने केलेला फोटो. सरकारी कागद असल्यासारखा. तो फोटो कसा झाला होता हे जगात एकट्या त्यालाच माहीत होतं, आणि त्यालाही धड आठवत नव्हतं.

आठवत होतं ते एवढं, की मूळ फोटो बटणाच्या मोबाईलवर काढलेला होता. कुणाच्यातरी हळदीतला. पंधरावीस माणसं, नाचणारी, धूळ, आणि कडेला इश्वर. मोठा करून पाहिलं तर माणूस राहतच नव्हता, नुसते चौकोनी ठिपके राहत. आडवे सातआठ, उभे दहाअकरा. तेवढ्यात एक आख्खा इश्वर. त्यातही कुणीतरी नाचताना हात वर केलेला आणि त्या हाताची सावली इश्वरच्या तोंडावर, डावी बाजू पार काळी. अशा वेळी धर्मेंद्र काय करायचा हे ठरलेलं होतं. चांगली अर्धी बाजू कापून घ्यायची, आरशातल्यासारखी उलटवायची आणि काळ्या बाजूवर नेऊन बसवायची. मग जोड मिटवायचा, केसांचा भांग एका बाजूला ओढायचा म्हणजे उलटवल्याचं कळत नाही. असे कितीक चेहरे त्याने केले होते. बसच्या बाहेर लाखनीच्या अलीकडे एका खांबावर वाढदिवसाचा फ्लेक्स होता, काळा चष्मा घातलेला कुणी भैयाजी, दोन्ही गाल सारखे, दोन्ही मिशा सारख्या. तो धर्मेंद्रनेच केलेला. खरा भैयाजी एका बाजूने सुजलेला असतो. तर इश्वरची डावी भुवई म्हणजे इश्वरची उजवीच भुवई होती. खरी डावी भुवई त्या काळ्या ठिपक्यांत कुठेतरी होती आणि ती त्याने झाकून टाकली. तिच्यात फट होती का? त्या काळ्यात एक ठिपका जरा उजळ होता असं त्याला आता वाटायला लागलं. होता का? की आज ती रेघ पाहिली म्हणून तो ठिपका मागे जाऊन तिथे बसला? त्याने डोळे मिटले. ठिपका दिसला. डोळे उघडून परत मिटले, तर दोन ठिपके दिसले. मूळ फोटो कुठेच नव्हता. कॉम्प्युटर मधल्या काळात दोनदा बदलला, आणि निर्मलाबाईचा तो बटणाचा मोबाईल धुणं धुताना तलावात गेला होता.

"बाई," त्याने शेवटी विचारलंच, "इश्वरभाऊच्या भुवईत काही खून होती का हो? डाव्या?"

निर्मलाबाईने वळून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रडू नव्हतं, परीक्षेत प्रश्न पाहून बसलेल्या पोरीसारखी ती नुसती बघत राहिली. मग तिने स्वतःच्या भुवईवर बोट फिरवलं, आधी डाव्या, मग उजव्या.

"होती का?" ती म्हणाली. "असन. नाई सांगता येत, भाऊ. पयले पयले मले सर्वं आठवे. कसे हासत, कसे खोकलत. आता डोये मिटले का तुमचा फोटूच येते डोयापुढं. कोट घातलेला. त्याइनं जल्मात कोट नाई घातला."

कोट. हो, कोटही त्यानेच घातला होता. गळ्यापासून खाली तर मूळ फोटोत काहीच नव्हतं. कोटांचं एक फोल्डर होतं त्याच्याकडे, निळा, काळा, राखाडी. आपण लोकांचं भलंच करतो असं त्याला आजवर वाटत आलं होतं. गरिबाला कोट मिळतो, म्हाताऱ्याला दात मिळतात, लग्नाच्या पोरीचे मुरूम जातात, मेलेल्या माणसाचे डोळे उघडतात. बाया फोटो छातीशी धरून नेतात. साधना, त्याची बायको, एवढी एकच अशी होती जिने त्याला फोटो काढू देणं बंद केलं होतं. लग्नानंतर तिचा एक फोटो त्याने हौसेने मोठा करून स्टुडिओत लावला होता, गोरा, नितळ, हनुवटीवरचा कांजिण्यांचा व्रण काढलेला. गिऱ्हाईक विचारायचे, ही कोण हिरॉईन? एक दिवस साधना डबा द्यायला आली, फोटोपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "ही कोन जी? माह्यी सवत हाय काय?" तो खूप हसला होता तेव्हा. ती हसली नव्हती. बस लाखनीला थांबली, भजी विकणारे चढले, उतरले, आणि धर्मेंद्रला साधनाचा तो व्रण हनुवटीच्या कोणत्या बाजूला आहे ते आठवेना. रोज समोर बसून जेवणारी बायको. तो घाबरला. उजव्या? बहुतेक उजव्या.

साकोलीला उड्डाणपुलाखाली ते उतरले तेव्हा दिघोरीकडे जाणाऱ्या गाडीला दीड तास होता. निर्मलाबाई म्हणाली, "तुमच्या दुकानात बसू काय?" आणि धर्मेंद्रने शटर वर केलं. ती स्टुलावर बसली, जिथे पासपोर्ट फोटोची माणसं बसतात, मागे निळा पडदा. त्याने चहा सांगितला. चहा आला. मग ती हळूच म्हणाली, "भाऊ, एक काम करता? त्या मानसाचा फोटू काढला ना तुमी. त्यालेबी तसंच करून पाहा. त्या टायमाले माह्या नवऱ्याच्या फोटूले जेवढं केलं, तेवढंच. जास्त नाई, कमी नाई. जुयला त तेच."

आधी धर्मेंद्रला हे वेड्यासारखं वाटलं, मग एकदम बरोबर वाटलं, आणि मग पुन्हा वेड्यासारखं. हिशेबच होता तो एका परीने. एका बाजूला जे केलं ते दुसऱ्या बाजूला करा आणि पाहा सारखं येतं का. पण 'तेवढंच' म्हणजे केवढं? त्याने कॉम्प्युटर सुरू केला. मोबाईलवर फिरत राहिलेला जुना इश्वर उघडला, कोटातला. शेजारी आजचा माणूस उघडला. स्टुडिओतला पंखा कुरकुरत होता. निर्मलाबाईला स्क्रीन दिसत नव्हती, ती पाठमोऱ्या मॉनिटरकडे आणि धर्मेंद्रच्या तोंडाकडे बघत चहा पीत होती. त्याने ठरवलं, आज हात सांभाळायचा. डोक्याने करायचं, बोटाने नाही.

पहिल्यांदा रंग. आजचा माणूस उन्हाने करपलेला होता, जुना इश्वर गव्हाळ. त्याला गव्हाळ केलं. मग सुरकुत्या. अकरा वर्षांच्या सुरकुत्या काढायच्या तर किती काढायच्या? डोळ्यांखालच्या काढल्या. कपाळावरच्या अर्ध्या काढल्या, थांबला, मग उरलेल्याही काढल्या, कारण अर्ध्या बऱ्या दिसत नव्हत्या. गाल बसलेले होते, ते थोडे भरले. 'थोडे' म्हणता म्हणता माऊस पुढे गेला आणि गाल जुन्या इश्वरच्या गालांएवढे झाले. आपण जुळवतोय, धर्मेंद्रच्या मनात आलं, आपण शोधत नाही, जुळवतोय. त्याने हात उचलला. शेवटचे दोन बदल मागे घेतले. पुन्हा नुसते कष्टाने बसलेले गाल दिसायला लागले आणि तो एक परका, थकलेला, कुणाचाही नसलेला माणूस झाला. पण अकरा वर्षांपूर्वीही आपण गाल भरलेच असतील ना? ठिपक्यांना कुठे गाल असतात? म्हणजे त्या इश्वरचे गालही आपलेच. मग तेवढे भरायला काय हरकत आहे? त्याने ते परत भरले. उजवी बाजू कापली, उलटवली, डावीवर बसवली. भुवईतली फट गेली. एका क्षणात. जोड मिटवला. भांग ओढला. आणि फोल्डरमधून राखाडी कोट आणून घातला.

दोन्ही शेजारी ठेवले तर इश्वर आणि इश्वर. नाकाच्या शेंड्यात थोडा फरक होता, पण तो असा, की आज फोटो काढला तर एक दिसेल आणि उद्या काढला तर दुसरं. धर्मेंद्रला आनंद झाला. खरोखर झाला, सापडला म्हणून ओरडावंसं वाटलं. आणि त्याच आनंदाच्या पोटातून भीती वर आली. हे जुळलं कारण माणूस एक आहे, की हात एक आहे? त्याला राहवेना. त्याने आपला स्वतःचा फोटो उघडला, आधार दुरुस्तीसाठी काढलेला, टक्कल पडायला लागलेला, रुंद नाकाचा धर्मेंद्र. आणि भराभर, विचार न करता, बोटाला सोडून देऊन तेच सगळं केलं. रंग, सुरकुत्या, उजवी बाजू उलटवून डावीवर, इश्वरचे केस आणून बसवले, कोट घातला. नाक जरा चिमटलं. दहा मिनिटं लागली असतील. मग तो मागे टेकला. कोटातला तिसरा इश्वर त्याच्याकडे बघत होता. हुबेहूब नव्हता, पण अंधाऱ्या खोलीतल्या भिंतीवर चालून गेला असता. वरठीहून फोन करणाऱ्याने 'हाच तो' म्हटलं असतं. साधना काय म्हणाली असती, कोण जाणे. आपण अकरा वर्षं ज्याला शोधायला लोकांना लावलं तो इश्वर नव्हताच, ही आपल्या बोटाची सवय होती. तेवढ्या वर्षांत खरा इश्वर कुण्या स्टेशनवर, कुण्या देवळाच्या पायरीवर बसला असेल, शेजारून कुणी हा कागद बघत गेलं असेल, आणि त्या फुटक्या भुवईच्या माणसाकडे मान वर करूनही पाहिलं नसेल. किंवा इश्वर कधीच मेला असेल. किंवा तोच वरठीला बाकड्यावर बसला असेल. तिन्ही गोष्टी खऱ्या वाटत होत्या आणि तिन्हींत चूक त्याची होती.

"झालं काय, भाऊ?" निर्मलाबाईने विचारलं.

आता खोटं बोलणं सोपं होतं. तिसरा फोटो बंद करायचा, मॉनिटर फिरवायचा, ती म्हणेल 'तेच हायेत', होळीचं संकट टळेल. आणि खरं बोलणं म्हणजे तिच्या हातून ते हिसकून घेणं. कुणाचं भलं कशात आहे हे त्याला कळेना, आणि आपण आयुष्यभर दुसऱ्याचं भलं परस्पर ठरवत आलो, तेवढं मात्र कळलं. त्याने मॉनिटर तिच्याकडे फिरवला. तिन्ही फोटो तसेच ठेवले.

"हा तुमच्या घरातल्या भितीवरचा," तो म्हणाला. "हा आजचा, वरठीचा. आन् हा तिसरा, हा मी हाव."

ती वाकून पाहायला लागली. पहिला पाहिला, दुसरा पाहिला. तिसऱ्याशी बराच वेळ थांबली, मग धर्मेंद्रकडे बघितलं, मग परत तिसऱ्याकडे.

"बाई, याच्यावर जाऊ नोका," धर्मेंद्र बोलत सुटला. "माह्या हातानं कोनताबी मानूस असाच होते. मी त्या टायमालेच सांगाले पाहिजे होतं. त्या फोटूत तुमच्या नवऱ्याचं काईच नव्हतं जी, अर्धं तोंड काळं होतं. मी इकडचं तिकडं लावलं. भुवई गेली असन त माह्यानं गेली. मले मालूम नाई तो तुमचा नवरा होय का नाई. मले काईच मालूम नाई."

त्याला वाटलं, ती रडेल. शिव्या देईल. भोजराजला घेऊन येईल, चौकात उभं करील. निर्मलाबाई उठली नाही. तिने चहाचा रिकामा ग्लास स्टुलाखाली नीट ठेवला.

"मले मालूम होतं," ती म्हणाली.

"काय मालूम होतं?"

"हा फोटू त्याइचा नोहे म्हून. त्या दिवशीच. भोजराज म्हने, हाच माहा भाऊ, वा, काय सुंदर काढला. सर्वे म्हनत वा. मी कायले बोलू? भितीवर असं कोनीतरी पाहिजे होतं ना, ज्याच्यासाठी मले कुकू लावता येईन. मंग रोज पाहून पाहून तेच माहे झाले." ती थोडं थांबली. "आन् जे होते ते गेले मनातून. कधी गेले मालूमबी नाई पडलं. त्याचा दोस मी तुमाले नाई देत. पन देल्ला त देताबी येईन."

बाहेर उड्डाणपुलाखालून ट्रक गेला, काच थरथरली. धर्मेंद्र खाली मान घालून बसला होता. त्याला हलकं वाटायला हवं होतं आणि तसं वाटत नव्हतं.

"मंग आजचा मानूस?" त्याने विचारलं. "तुमाले मनातून काय वाटते? तेच हायेत का?"

"मले नाई ओयखू आलं." तिने हे सहज सांगितलं, पाऊस नाही पडला म्हणावं तसं. "असतीनबी. नसतीनबी. मी बाकड्याजवळ गेली तं तो सरकला, भाऊ. बसाले जागा देल्ली त्यानं मले. तुमी नाई पायलं?"

नाही. धर्मेंद्रने नव्हतं पाहिलं. तो भुवई बघत होता.

"अंकुशभाऊ म्हनत होता, दोन महिन्यात कोनीच आलं नाई त्याले न्याले," ती म्हणाली. "मी गेली. आन् माह्याकडंबी कोनी येनारं नाई आता. बारा वर्सं कोनी येत नसते." तिने पदराने तोंड पुसलं आणि बोट उचलून मधला फोटो दाखवला, स्क्रीनला न लावता. "हा छापून द्या. कोटवाला. भोजराज फोटूशी लावून पायते म्हने, त पाहू दे."

"आन् भुवई? घरी आल्यावर लोक पाहतीनच ना, बाई. फोटूत नाई, मानसाले हाय."

"मंग त्या जुन्या फोटूले करून द्या ना खून. पुसता येते त काढताबी येत असन."

धर्मेंद्र हसला की काय, त्याचं त्याला कळलं नाही. त्याने मॉनिटर परत आपल्याकडे वळवला, स्वतःचा फोटो बंद केला, जुना इश्वर मोठा केला. डावी भुवई समोर आली, काळी, सलग, खोटी. हे चूक आहे का? बहुतेक आहे. पण आधीचं बरोबर होतं का? बारीक ब्रश घेऊन त्याने भुवईत एक रेघ ओढली. सरळ आली, पुसली. तिरपी ओढली. आता ती सकाळच्या रेघेसारखी होती, आणि एक क्षणभर त्याला पक्कं वाटलं की हीच रेघ त्याने अकरा वर्षांपूर्वी काढून टाकली होती, नेमकी हीच. दुसऱ्या क्षणी ते गेलं. दुसऱ्या फोटोलाही त्याने ती परत दिली. निर्मलाबाईला दाखवलं. तिने दोन्ही पाहिले आणि पिशवीतून जुना लॅमिनेट केलेला फोटो काढून टेबलावर पालथा ठेवला.

"जुन्याची भितीसाठी एक काढतो," धर्मेंद्र म्हणाला. "आन् हा वरठीचा किती काढू?"

"दोन. एक भोजराजले."

"आन् दुसरा?"

"दुसरा त्याइले देईन," निर्मलाबाई म्हणाली. "त्याइले काईच आठवत नाई म्हनते ना. मंग मालूम पडाले पाहिजे जी, आपून कसे होतो ते."